भूप गाता गाता देशकार: पहिल्या वर्षातलं एक प्रकरण

पहिल्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. दुपारचे साडेबारा झाले असतील. ती मुलगी गायला बसली आणि तिनं भूप राग घेतला. तानपुरा पंचमात लावलेला, पेटीवर वरच्या वर्गातला एक मुलगा, तबल्यावर विभागातले नेहमीचे साथीदार. विलंबित एकताल. आवाज मोकळा, सूर पक्का, सम अचूक. तालाची पहिली दोन-तीन आवर्तनं ऐकून आम्ही दोन्ही परीक्षक सुखावलो होतो.

चौथ्या आवर्तनात ती मध्य सप्तकातल्या धैवतावर गेली आणि तिथेच विसावली. पेटीवाल्यानं इमानदारीत धैवत धरून ठेवला. मग पंचम, गंधार-पंचम, आणि पुन्हा धैवत. पुढचं आवर्तनही तसंच. माझे सहकारी शेजारी बसले होते. घराण्याची कडक तालीम घेतलेले, वीस वर्षं मैफली केलेले गायक. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाले, "देशकार लागला." म्हणजे भूप सुटून दुसराच राग.

तिला त्याचा पत्ताच नव्हता. बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, आला की ती गंधारावर यायची, कारण बंदिशच तशी बांधलेली आहे. मुखडा सोडून आलापाला निघाली की पाय पुन्हा धैवताकडे. बारा मिनिटांत हे किती वेळा झालं ते त्या दिवशी मोजलं नाही. गुणपत्रिकेत 'रागशुद्धता' असा एक रकाना असतो, त्यात आम्ही दोघांनीही तिला कमी गुण दिले. आवाज आणि लय यांच्या रकान्यांत चांगले दिले.

दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली. हातात शास्त्राच्या पेपरची उत्तरपत्रिका. भूपाची माहिती लिहा, असा प्रश्न होता आणि तिनं लिहिलं होतं: थाट कल्याण, जाती औडव-औडव (चढताना-उतरताना पाच-पाच स्वर), मध्यम-निषाद वर्ज्य, वादी गंधार, संवादी धैवत, समय रात्रीचा पहिला प्रहर. खाली आरोह, अवरोह, पकड. पूर्ण गुण. "मॅडम, मला भूप येतो म्हणून तुम्हीच इथे लिहिलंय. मग प्रात्यक्षिकात राग चुकला कसा?" आवाजात राग नव्हता, ती खरंच गोंधळली होती. हे प्रकरण मी लिहून काढतेय ते त्या प्रश्नासाठी. पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर तो कधी ना कधी येतो, आणि "अजून रियाज कर" असं म्हणून तो टाळणं फार सोपं असतं.

मीही आधी तेच म्हटलं. पलटे दिले, गंधारावर थांबणारे अलंकार दिले, दोन आठवडे करून घेतले. अलंकार ती उत्तम म्हणायची. आलाप सुरू केला की धैवत. माझं निदान चुकलं होतं. गळ्यात काही कमी नव्हतंच.

पाच स्वर, दोन घरं

संगीत न शिकलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध (षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत) हेच पाच शुद्ध स्वर आहेत. एकही स्वर कमी नाही की जास्त नाही. तरी भूप रात्रीचा आणि देशकार सकाळचा. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत. देशकारात बरोबर उलटं. भूपात हालचाल खालच्या अंगात: सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. धैवत येतो, पण मुक्कामाला येत नाही, गंधाराकडे परततो. देशकारात सगळी ओढ वरच्या अंगाला: ध प, ग प ध प, वरचा षड्ज, पुन्हा ध. तिथे रिषभ दुबळा, येता-जाता लागणारा.

पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपल्या दहा थाटांत (रागांचे स्वरांवरून केलेले गट) भूप कल्याणात ठेवला आणि देशकार बिलावलात. पहिल्या वर्षाची मुलं हे पाठ करतात, पण त्यातली गंमत क्वचितच कुणाच्या लक्षात येते. कल्याण आणि बिलावल यांच्यात फरक आहे तो मध्यमाचा: एकात तीव्र, दुसऱ्यात शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही! निषादही नाही. म्हणजे नुसते स्वर बघून थाट ठरवायचा म्हटला तर हे पाच स्वर कल्याणात बसतात, बिलावलात बसतात आणि खमाजातही बसतात. कर्नाटक पद्धतीत याच पाच स्वरांचा मोहनम् राग अठ्ठाविसाव्या मेळात (तिकडचा थाटासारखा गट), हरिकांभोजीत, धरतात आणि हरिकांभोजी म्हणजे आपल्या खमाज थाटाचे स्वर. एकाच सामानाची तीन घरं. भातखंड्यांनी निवड केली ती रागाची चाल ऐकून, स्वरांची यादी बघून नव्हे. भूपाचं वळण कल्याणाच्या अंगाचं, देशकाराचं बिलावलाच्या अंगाचं.

वेळेचंही तसंच. वादी स्वर पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, असेल तर राग दुपारी बारा ते रात्री बारा या वेळेतला, उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, असेल तर रात्री बारा ते दुपारी बारा, अशी त्यांची मांडणी. गंधार पूर्वांगातला, म्हणून भूप संध्याकाळनंतर. धैवत उत्तरांगातला, म्हणून देशकार सकाळी. तिच्या उत्तरपत्रिकेत हे सगळं होतं. वादी म्हणजे ज्यावर राग उभा राहतो तो स्वर, हेही तिनं लिहिलं होतं. पण गाताना आपण कुठे उभ्या आहोत, हे तिला ऐकू येत नव्हतं.

तिनं स्वतःचं गाणं लिहिलं

परीक्षेचं ध्वनिमुद्रण विभागाकडे असतं. मी तिला तिच्याच आलापाची पहिली चार मिनिटं दिली आणि सांगितलं, हे भातखंडे स्वरलिपीत उतरवून आण. जसं गायलीस तसं, जसं गायला हवं होतंस तसं नाही. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब, मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला) वर कमान, कणस्वर (ओझरता लागणारा स्वर) बारीक अक्षरात डोक्यावर, लांबवलेल्या स्वरापुढे आडव्या रेघा. चार मिनिटांना तिला आठवडा लागला. आखीव कागदाची सहा पानं, पेन्सिलीनं, खोडरबरानं जागोजागी काळवंडलेली.

पानं बघितली आणि मी चक्रावले. कागदावर निर्दोष भूप होता. ध प ग, रे ग, सा. न्यास, म्हणजे थांबा, जिथे तिथे गंधारावर. मी तिला शेजारी बसवलं, ध्वनिमुद्रण लावलं आणि तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिनं ऐकलं. "परत लावा." परत लावलं. मग फोन तिनं आपल्याच हातात घेतला, तो ठिपका मागे ओढला, पुढे सोडला, पुन्हा मागे. पाच-सहा वेळा. मग म्हणाली, "मॅडम, मी इथे ग लिहिलाय."

ध्वनिमुद्रणात तिथे स्वच्छ, लांब, पाच-सहा सेकंदांचा धैवत होता.

त्या सहा पानांत असं अनेक ठिकाणी झालं होतं. हात लिहीत होता ते पुस्तकातलं. कानानं ऐकलेला धैवत कागदावर पोचेपर्यंत गंधार होत होता, कारण 'भूपात थांबायचं ते गंधारावर' हे तिला माहीत होतं. माहिती इतकी पक्की होती की ती ऐकण्याच्या आड आली. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे इतक्या उघडपणे घडताना मी आधी पाहिलं नव्हतं.

अमेरिकी संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्ये संगीतलेखनाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक लेखन गायक-वादकाला काय करायचं ते सांगतं, दुसरं प्रत्यक्षात काय झालं त्याची नोंद ठेवतं. एकाचं काम दुसऱ्यावर लादलं की घोटाळा होतो, हा त्यांचा इशारा. पहिल्या वर्षाला हा लेख कुणी लावत नाही आणि लावूही नये. पण त्यातला भेद पहिल्याच वर्षी शिकवायला हवा, असं या प्रकरणानंतर माझं ठाम मत झालं आहे. आपली मुलं लिपी शिकतात ती फक्त पहिल्या कामासाठी, म्हणजे बंदिश वाचून बसवण्यासाठी. ऐकलेलं उतरवण्यासाठी ती वापरायची सवय त्यांना कुणी लावतच नाही.

आणि भातखंड्यांनी ती वापरली होती मुख्यतः याच दुसऱ्या कामासाठी, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. वाळकेश्वरला जन्मलेला हा माणूस पेशानं वकील. देशभर हिंडून, गवयांकडे बसून त्यांनी बंदिशी ऐकल्या, उतरवल्या, छापल्या. मराठीत गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात चार भागांचा ग्रंथ लिहिला, १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच 'लक्ष्य' हा शब्द आहे. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेलं गाणं आणि लक्षण म्हणजे त्याचं शास्त्रातलं वर्णन. आधी लक्ष्य, मग लक्षण. 'वादी गंधार' ही सुद्धा मुळात कुणीतरी ऐकून केलेली नोंद आहे. शंभर वर्षांत ती गाईडातल्या चौकटीत गेली आणि मुलांपर्यंत नियम म्हणून पोचली. 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात देवगिरीला, यादव सिंघणाच्या आश्रयानं, अंश-न्यास-अल्पत्व-बहुत्व यांचा जो पसारा मांडला त्याच्याकडेही याच नजरेनं बघता येतं: स्वर किती लागतो, कुठे थांबतो, कुठे नुसता शिवून जातो.

तिनं सहा पानं पुन्हा लिहिली. या वेळी मी फक्त थांबे मोजायला सांगितले. कागदाच्या कडेला पाच रकाने, एकेका स्वराचा एक, आणि जिथे आवाज विसावला तिथे त्या रकान्यात एक खूण. संगणकावर आवाजाची उंची रेघेनं दाखवणारी प्रणाली आमच्याकडे आहे, तीही शेवटी ताडून बघायला वापरली. पण आधी कान आणि पेन्सिल, हा क्रम मी बदलू दिला नाही. धैवताचा रकाना गच्च भरला. गंधाराच्या रकान्यात ज्या खुणा होत्या त्या बहुतेक मुखड्याच्या.

एक गोष्ट मी मुद्दाम बाजूला ठेवली. देशकारातला धैवत भूपातल्यापेक्षा किंचित चढा लागतो, असं जाणकार सांगतात. गणितात शुद्ध धैवताची दोन रूपं निघतात, षड्जाच्या तुलनेत ५:३ आणि २७:१६. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पहिला ८८४ वर, दुसरा ९०६ वर, आणि पेटीचा ९०० वर. हा विषय मला स्वतःला अतिशय प्रिय आहे. पण जिला आपण धैवतावर थांबलोय हेच ऐकू येत नव्हतं, तिला बावीस सेंटांचा फरक ऐकायला लावणं म्हणजे अन्याय झाला असता.

धैवत कुठून आला

हा प्रश्न तिनंच विचारला. "मला भूप शिकवला तेव्हा कुणीच असं गायलं नव्हतं." तिचे आधीचे गुरुजी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवणारे, शिस्तीचे. त्यातली 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा देऊन ती आमच्याकडे आली होती. तिथे चूक शिकवली गेली असेल असं मलाही वाटत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती चिपळूणजवळच्या आपल्या गावी गेली आणि परत आली ती फोनवरचं एक ध्वनिमुद्रण घेऊन. पहाटेची वेळ. मागे बंबात लाकडं सारल्याचा आवाज, दूर कोंबडा, आणि तिची आजी गणपतीची भूपाळी म्हणतेय. आवाज थकलेला, पण सूर जागच्या जागी. तानपुरा नाही, पेटी नाही. पहिलीच ओळ धैवतावर उभी राहते, वरच्या षड्जाला शिवून पुन्हा धैवतावर येते, मग पंचम, गंधार-पंचम-धैवत, आणि अगदी शेवटी घाईघाईनं ग रे सा. रिषभ जेमतेम.

लहानपणी रोज पहाटे हिच्या कानावर पडलेलं हे पाच स्वरांचं पहिलं गाणं. शाळेत जायच्याही आधीचं. पाच स्वर समोर आले की तिचं मन कुठे जाऊन बसत होतं, ते त्या दीड मिनिटात कळलं. आजीच्या गाण्यात ती जागा शंभर टक्के बरोबर आहे. आजीला तिनं विचारलंही होतं की हा कुठला राग, तेही फोनवर आलंय: "अगो, राग कसला त्यात? देवाला उठवायचं असतं."

आपल्याकडे 'भूपाळी' म्हणजे पहाटे देवाला जागं करायचं गाणं, आणि 'भूपाळी' हे भूप रागाचंही नाव, जो रात्री गातात. त्यामुळे मुलं गृहीत धरतात की दोन्ही एकच. तिच्या आजीची भूपाळी भूपात नव्हती. तिचं वळण सकाळच्या रागाचं, देशकाराच्या जवळचं, आणि वेळही सकाळचीच. संगीतशास्त्रज्ञ डॉ. अशोक रानडे (१९३७–२०११) यांनी लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा कोटी (वर्ग) वेगळ्या मांडल्या आणि त्यांच्यातली देवाणघेवाण तपासायला आपल्याला शिकवलं. पहिल्या वर्षाची मुलं त्या व्याख्या लिहितात, पण त्या कोटी आपल्याच गळ्यात एकमेकींना भेटतात हे त्यांच्या ध्यानात येत नाही. या मुलीच्या गळ्यात त्या परीक्षेच्या दिवशी भेटल्या होत्या.

पुढे काय करायचं यावर सहकाऱ्यांचं आणि माझं एकमत झालं नाही. त्यांचं म्हणणं, "एवढं लिहायला-मोजायला लावायची गरज काय? सहा महिने माझ्यासमोर बसू दे. मी गाईन, ती मागे गाईल. चुकली की थांबवीन. धैवत आपोआप सुटेल." ते चूक नाहीत. तालमीत असंच होतं, त्यांचं स्वतःचं तसंच झालं, आणि रागाचं वळण गळ्यात उतरवायला दुसरा रस्ता नाही हे मलाही मान्य आहे. पण विद्यापीठाच्या वेळापत्रकात तिला गायनाचे आठवड्याला मोजके तास मिळतात, तेही वर्गातल्या बाकीच्यांबरोबर. गुरुगृही जे आपोआप सुटतं ते इथे आपोआप सुटत नाही. शिवाय सुटलं तरी कशापासून सुटलो हे तिला कळलं नसतं, आणि आजीचा धैवत 'चूक' म्हणून पुसला गेला असता. मला ते नको होतं.

शेवटी आम्ही दोघांनी वाटून घेतलं. सकाळी आठला, वर्ग सुरू होण्याआधी, ती माझ्यासमोर देशकार गायची. तो पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात नाही, तरीही. धैवतावर हवं तितकं थांब, मनसोक्त थांब, पण थांबतेस हे जाणून थांब. संध्याकाळी सहकाऱ्यांकडे भूप, पेटी बंद, नुसता तानपुरा. पेटी बंद ठेवण्याचा आग्रह त्यांचा, आणि तो फार मोलाचा ठरला. साथीला पेटी असली की ती थांबेल तिथे पेटीही थांबायची आणि चुकलेला मुक्काम पक्का व्हायचा. भूपातला धैवत त्यांनी तिला आधी मंद्रात दाखवला: षड्जावरून मींडेनं खाली धैवत, आणि लगेच वर सा रे ग. तिथे धैवताचा भूपातला स्वभाव उघड दिसतो. तो गंधाराला उचलून देतो. संवादी म्हणजे काय, हे उत्तरपत्रिकेत एका वाक्यात लिहिणाऱ्या मुलीला ते गळ्यात कळायला महिनाभर लागला.

देशकार सुरू केल्यावर भूप सुधारला, हे मला अपेक्षित होतं. इतक्या लवकर सुधारेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत तिनं विलंबितात एकदाही तोल सोडला नाही. द्रुतात तानांच्या ओघात दोनदा धैवतावर आपटली, आणि दोन्ही वेळा तिच्या चेहऱ्यावर ते उमटलं. सहकाऱ्यांनी त्या दोन जागांचे गुण कापले. मी कापले नाहीत. त्यावर आमचं बोलणं झालं आणि सरासरी काढून रकाना भरला. पहिल्या सत्राचे गुण मात्र बदलले नाहीत, तिनं तशी मागणीही केली नाही.

शास्त्राच्या विषयात प्रकल्प म्हणून तिनं दोन लिखाणं जोडून दिली. एक तिच्या पहिल्या परीक्षेतला आलाप, दुसरं आजीची भूपाळी, दोन्ही कडेच्या पाच रकान्यांसह. भूपाळीच्या चौथ्या ओळीत आजी पंचमावर येताना एक कण लावते. तो गंधाराचा की तीव्र मध्यमाची पुसट छटा, हे तिचं ठरलेलं नाही. मीही दहा वेळा ऐकलं. पानावर तिथे 'ग' लिहून खोडलेला आहे, पुन्हा लिहिलेला आहे, आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात: "मे महिन्यात आजीकडून पुन्हा म्हणवून घेणे."